माझी गिऱ्हाइकं लारासला मिळू नयेत म्हणून

माणसाला आपल्या मागे 'नाही' ठेवून जाता येतं का? घर ठेवता येतं, दागिना ठेवता येतो, राग तर पिढ्यान्‌पिढ्या ठेवता येतो. पण जो नकार जिवंतपणी तोंडातून निघालाच नाही, तो कागदावर लिहून ठेवला तर मेल्यानंतर कोणी मानतं का, हे मला माहीत नाही. नोटरीच्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "म्बाक, मृत्युपत्रात वस्तू लिहितात." म्बाक म्हणजे ताई. ताई म्हणाला, म्हणून राग आला नाही. तरी मी लिहिते आहे.

मी, वेरोनिका वेनिंग पामुलार्सिह, वय अठ्ठावीस, अविवाहित, राहणार सुराकार्ता, म्हणजे आमचं सोलो, जेब्रेस भाग, पंक्चरच्या दुकानामागचं घर. व्यवसाय: लग्नपत्रिका आणि मृतांच्या स्मरणपुस्तिका तयार करून देणे. कोणाच्या नोकरीत नाही. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मीच. येत्या मंगळवारी योग्याकार्ताच्या रुग्णालयात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. बहुतेक जण परत येतात असं डॉक्टर म्हणाले, आणि 'बहुतेक' हा शब्द त्यांनी माझ्याकडे न बघता उच्चारला. आज मी पूर्ण शुद्धीत आहे. हे लिहायला मला कोणी धमकावलेलं नाही. धमकावलं असतं तर मी हो म्हणाले असते, आणि मग लिहायची वेळच आली नसती.

लिहिण्याचं कारण एकच आहे. माझी धाकटी बहीण आग्नेस लारास हिला मलांगच्या महाविद्यालयात गुरांची डॉक्टर व्हायला जागा मिळाली आहे. माझ्या गिऱ्हाइकांचा, आणि त्यांतल्या एका बाईंचा विशेष, असा समज आहे की मी गेले तर माझ्या जागी लारास बसेल. तसं होऊ नये. बाकीची कलमं ही या एका गोष्टीभोवतीचं कुंपण समजावीत.

कलम १. संगणक आणि चित्रं काढायची पाटी लारासला. मात्र देण्यापूर्वी पाक दार्सोनो यांनी त्यातली सगळी कामं पुसून टाकावीत. पाक दार्सोनो, म्हणजे दार्सोनोकाका, हे छापखानेवाले. माझी प्रत्येक पत्रिका त्यांच्याकडे छापली गेली. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनीच करायची आहे. त्यांनी कच्चा मसुदा वाचला आणि म्हणाले, "पोरी, मृत्युपत्रात एवढे टोमणे बसत नाहीत." मी म्हटलं, समास कमी करा.

मोटरसायकल वडिलांना. तिचे ब्रेक धरत नाहीत हे त्यांना माहीत आहे. त्यांनीच दुरुस्त केले आहेत.

आईची शाल बुलिक तुमिनीला, म्हणजे माझ्या मावशीला. तिने ती वापरावी. कपाटात घडी घालून ठेवली तर मी येऊन ओढीन.

कलम २. मास दानुरी, म्हणजे दानुरीदादा, याच्याबद्दल. आम्ही कलाशाळेत एका बाकावर बसत होतो. तो हुशार आहे, चित्र माझ्यापेक्षा बरं काढतो, आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाला त्याने वाईट वाटू दिलेलं नाही. ज्याच्याशी आपलं जमणार नाही असं त्याला पहिल्या पाच वाक्यांत कळतं, त्याला तो म्हणतो, "तुम्ही वेनिंगकडे जा हो. फार गोड मुलगी. तिला कंटाळा म्हणून माहीत नाही." आंबा स्वतः खायचा आणि कोय माझ्याकडे पाठवायची, तीही रिबीन बांधून. वर भेटला की विचारायचा, "काय, कसं काय चाललंय? पाठवलेलं गिऱ्हाईक पोचलं ना?"

त्याने पाठवलेल्यांपैकी पाक हादिसुवार्नो यांना मी दानुरीच्या नावे करते. यांच्या बायकोच्या चाळिसाव्या दिवसाची पुस्तिका मी केली. फोटोत ती झोपलेली होती, कारण जागेपणी तिचा फोटो त्यांनी कधी काढला नव्हता. म्हणाले, "डोळे उघडे कर." केले. म्हणाले, "हसू दे, पण दात नकोत." हसवली. म्हणाले, "लग्नाआधी होती तशी कर." लग्नाआधी ती कशी होती हे मला ठाऊक नव्हतं, त्यांनाही आठवत नव्हतं. मी तिच्या बहिणीकडे जाऊन बसले, विचारून विचारून काढली. पाहिल्यावर म्हणाले, "ही ती नव्हेच." मग शंभराव्या दिवसाला परत आले. वर्षश्राद्धाला आले. हजारावा दिवस अजून बाकी आहे. तो दानुरीने करावा. दानुरी गोड नाही हे पाक हादिसुवार्नोंना पहिल्याच भेटीत कळेल, आणि पाक हादिसुवार्नो संपत नाहीत हे दानुरीला. दोघांना माझी हीच देणगी.

चांगली गिऱ्हाइकंही होती, हे इथे लिहिलं पाहिजे. बाजारात तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणाऱ्या बाईंनी मुलाची पत्रिका हातात घेतली, कोरड्या हातानेच धरायची म्हणून आधी पदराला हात पुसले, म्हणाल्या, "छान झालीय," आणि गेल्या. त्यांना काही ठेवायचं नाही. त्यांच्या-माझ्यात काही उरलेलंच नाही. काम झालं, गोष्ट संपली. मला वाटायचं सगळं असंच असतं. काम चांगलं केलं, बोलणं मऊ ठेवलं, की समोरचं माणूस हळूहळू चांगलं होतं, असा माझा खरोखर विश्वास होता. गरिबाच्या पत्रिकेला आणि श्रीमंताच्या पत्रिकेला मी एकच हात लावला. अजूनही मला तेच योग्य वाटतं. फक्त माणसं चांगली होत नाहीत. त्यांना सवय होते.

कलम ३. हे कलम लारासला नाही, कारण तिला याची गरज पडू द्यायची नाही. कोणालाही उपयोगी पडलं तर घ्यावं.

पहिल्या भेटीत आधीच्या कलाकाराला शिव्या देणारं गिऱ्हाईक घेऊ नये. पुढच्या घरी त्याच शिव्या तुमच्या नावाने जातात. "तुला हवं तसं कर" म्हणणाऱ्यापासून दूर राहावं. त्याच्या डोक्यात चित्र तयार असतं, फक्त ते तुम्ही ओळखायचं असतं, आणि न ओळखल्याबद्दल ऐकून घ्यायचं असतं. "आपण काय, घरचेच" असं कोणी म्हणालं की चहा पूर्ण न पिता उठावं.

आता मोठी गोष्ट. आमच्या गावात वडीलधाऱ्यांना नाही म्हणत नाहीत. 'इंगिह' म्हणतात. त्याचा अर्थ हो. पण आखूड म्हटला तर हो, आणि शेवट लांबवत, मान खाली घालत म्हटला तर नाही. हे आईच्या दुधाबरोबर कळतं, शिकवावं लागत नाही. एकदा जाकार्ताहून एक नवरामुलगा आला होता. रविवारपर्यंत पत्रिका हवी म्हणाला. मी लांब इंगिह म्हटला आणि विषय संपला असं समजले. रविवारी तो आईला घेऊन दारात हजर. मी दुकानातल्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले. तो वडिलांवर ओरडला, "तुमच्याकडे हो म्हणजे नाही, तर मग नाहीला काय म्हणता?"

वडील नम्रपणे म्हणाले, "म्हणत नाही."

त्या मुलाला मी कठीण गिऱ्हाईक म्हणत नाही. त्याला आमची भाषा कळली नाही, एवढंच. तो चिडला, निघून गेला, पुन्हा आला नाही. कठीण गिऱ्हाईक ते, ज्याला तुमचा लांब इंगिह पूर्ण कळतो आणि जे तो आखूड म्हणून घेऊन जातं.

कलम ४. बू प्रबांदारी, म्हणजे प्रबांदारीबाई. लावेयानमधल्या बाटिकच्या पेढीच्या मालकीणबाई. जन्म सोलोचा, वळण सोलोचं. गावातल्या मुलींना बोलण्याचालण्याच्या रीती त्या स्वतः शिकवतात. त्यांच्या दोन मुलींच्या, चार भाच्यांच्या आणि न मोजता आलेल्या नातलगांच्या पत्रिका मी केल्या. मोठीच्या पत्रिकेत व्याह्यांचा किताब त्यांनी स्वतः, छापायला जाण्याआधी, बदलायला लावला. तो चुकीचा निघाला. लग्नाच्या दिवशी त्यांनी मला मंडपाच्या दारात उभं केलं. "येईल त्याला सांग, चूक तुझी म्हणून. तू तरुण आहेस, तुला लोक माफ करतात." मी सांगितलं. पाहुणे येत होते, मी वाकत होते, सांगत होते. लोकांनी खरंच माफ केलं. एका म्हातारबुवांनी तर माझ्या डोक्यावर हात ठेवला.

गेल्या आठवड्यात त्या आमच्याकडे आल्या. सालाक फळांची टोपली घेऊन. लारासने चहा दिला. वडील, पाक पार्योतो, दारातल्या बुटक्या स्टुलावर होते.

"झडप म्हणजे काय गं," बू प्रबांदारी म्हणाल्या, "दरवाजासारखीच ना? दरवाजा बदलला म्हणून कोणी घर बंद ठेवतं का?"

"बू, डॉक्टरांनी बरेच दिवस काम नको म्हटलंय."

"काम कोण सांगतंय? थोडंसं बघायचं. धाकटीचं लग्न डिसेंबरात. पडल्या पडल्या होईल तुझं. उलट वेळ जाईल. नुसतं छताकडे बघून माणूस जास्त आजारी पडतं."

मी लांब इंगिह म्हटला. त्यांनी मान हलवली, जणू मी आभार मानले.

मग त्यांनी लारासकडे पाहिलं. "आणि ही? काय शिकणार म्हणालीस? गुरांची डॉक्टर? अगं बाई! टायरवाल्याच्या घरातून निघाली ती थेट गाईच्या शेपटीखाली. एवढीच का बढती?" आणि हसल्या. वडीलही हसले. पाहुण्याच्या विनोदाला हसायचं असतं.

"गाय निदान लाथ मारते तेव्हा सांगून मारते, बू," लारास म्हणाली.

वडिलांनी तिच्याकडे डोळे वटारले. बू प्रबांदारी आणखी गोड झाल्या. त्यांनी लारासचा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला, बाजारात कापड पाहतात तसा. "हात छान आहेत. अगदी बहिणीसारखे. एक वर्ष थांब, पोरी. हिचं काही बरंवाईट झालं तर घराला कोणी नको? आणि झाली बरी, तर हाताखाली शिकशील. आपण काय परके आहोत? काय, पाक पार्योतो? देवाने एक नेली तरी एक ठेवलीय ना?"

मी तिथेच बसले होते.

वडिलांनी हात फडक्याला पुसले. मान खाली घातली आणि म्हणाले, "इंगिऽऽह."

लांब होता. इतका लांब मी त्यांच्या तोंडून फार थोड्या वेळा ऐकलाय. लारासनेही ऐकला. आणि बू प्रबांदारींनी ऐकला हे मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. फाटकापाशी गाडी जाण्याची वाट बघत थांबावं, तशा त्या तो संपेपर्यंत थांबल्या. मग उठत म्हणाल्या, "झालं तर मग. लगेच मलांगला कळवून टाका, म्हणजे ती जागा दुसऱ्या कोणाला मिळेल. पुण्यच लागेल."

त्या गेल्यावर मी वडिलांना म्हटलं, "बापाक, उद्या जाऊन सांगा की लारास येणार नाही."

"सांगितलंय की. तू ऐकलंस. मी 'नाही'च म्हणालो."

"त्यांनी हो ऐकलं."

"ते त्यांचं पाप."

"आणि वर्ष लारासचं."

"एवढ्या मोठ्या बाईला मी तोंडावर नाही म्हणू? मी कोण?"

तेव्हा मी जे म्हणाले ते मृत्युपत्रात लिहून ठेवते आहे, म्हणजे ते मी तापात बोलले असं कोणाला म्हणता येणार नाही. मी म्हणाले, "आई तापाने फणफणली होती आणि यांच्याच पेढीवरून सणाच्या कामासाठी बोलावणं आलं, तेव्हाही तुम्ही असाच लांब इंगिह म्हणाला होतात. मुकादमाने ऐकून घेतला. आणि आई बाटिकचे छाप मारायला गेली."

वडील उठले. बाहेर गेले, आधीच बुजवलेली एक ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवली आणि बुडबुडे येतात का बघत बसले.

कलम ५. मी मेले तर बू प्रबांदारी शोकसंदेश लिहिलेली फुलांची फळी पाठवतील. आमच्या गल्लीत मावणार नाही एवढी, आणि तिच्यावर त्यांचं नाव माझ्या नावापेक्षा मोठं असेल. ती घरासमोर उभी करू नये. दुकानाच्या भिंतीकडे तोंड करून ठेवावी. कोणी विचारलं तर सांगावं, मृत मुलीला अक्षरांची ठेवण आवडली नाही, थोडंसं बघायला सांगितलंय.

धाकटीची पत्रिका अर्धी झाली आहे. ती कोणालाही देऊ नये. पूर्ण करू नये. त्या मुलीशी माझं वैर नाही, तिने इतक्या वर्षांत एकदाच माझ्याशी बोलून विचारलं होतं, "म्बाक, तुम्ही जेवलात का?" तिच्या नावाला मी काढलेलं फुलांचं वळण पाक दार्सोनोंनी एका कागदावर छापून तिला द्यावं. तिच्या आईच्या हातात नाही.

माझी स्मरणपुस्तिका करू नये. करायचीच झाली तर दानुरीने करावी, आणि सुधारणा वडिलांनी सांगाव्यात. मग बघू कोण आधी थकतं.

कलम ६. वडिलांना मोटरसायकलशिवाय माझा राग. तो मी नेणार नाही. त्यांनी मला शाळेत घातलं, दुकानातल्या कमाईवर पदवीपर्यंत पोचवलं, आणि पदवीदानाच्या दिवशी बाहेर उन्हात उभे राहिले, कारण आत जायला आपले बूट बरे नाहीत असं त्यांना वाटलं. मी हे विसरले नाही. म्हणूनच राग एवढा टिकला. परक्यावरचा राग इतका टिकत नाही. त्यांना शिक्षा एकच: मी गेल्यावर बू प्रबांदारी येतील, लारास कुठे म्हणून विचारतील, आणि त्या वेळी घरात वडिलांशिवाय बोलायला कोणीही नसेल. बुलिकने त्या दिवशी मुद्दाम बाजारात जावं.

कलम ७. आता लारास.

त्या दिवसानंतर वडिलांशी भांडून उपयोग नव्हता, कारण खरी अडचण वडील नव्हतेच. लारास स्वतःच म्हणाली, "एक वर्षच ना, ताई. तुझ्या छातीला टाके असताना मी मलांगला गाईंमध्ये काय करू? करते मी पत्रिका. थोडंसं बघायचं, त्यात काय." तिच्या तोंडून मी 'थोडंसं' ऐकलं. बू प्रबांदारींना पुन्हा यायची गरजच नव्हती. मंगळवारी मी ऑपरेशनच्या टेबलावर असेपर्यंत लारास सोलो सोडणार नव्हती, आणि मंगळवारी मी मेले असते तर मग कधीच सोडणार नव्हती. पत्रिकांच्या टेबलाशी बसली असती, मान खाली घालून.

म्हणून मी तिच्याशी खोटं बोलले. सांगितलं की झडप परदेशातून यायची आहे, जहाज अडकलंय, ऑपरेशन नाताळनंतर. आधी ती रुग्णालयावर भडकली. "त्यांचा नंबर दे, मी बोलते त्यांच्याशी. माणूस मरेल तोवर!" मग मी पाहिलं की तिला आनंद झालाय आणि त्या आनंदाची तिला लाज वाटते आहे. ती पाठ करून कपडे भरू लागली. मी तिला तसंच लाजू दिलं, कारण त्याने माझं काम सोपं होत होतं.

आज सकाळी मी तिला स्टेशनवर नेलं. वडिलांना सांगितलं नाही. तिचं जुनं सिमकार्ड काढून घेतलं, "गिऱ्हाइकं त्रास देतील" म्हणून. नवा नंबर फक्त बुलिककडे आहे. डब्यात बसल्यावर खिडकीतून म्हणाली, "नाताळला येते. तोवर मरू नकोस हं, मला सुट्टी नाही मिळायची."

"बघते," मी म्हणाले.

"बघते काय! अर्ज दे वेळेवर."

आम्ही दोघी एवढ्या हसलो की शेजारच्या बाईने तिचं जेवणाचं पुडकं उचलून मांडीवर घेतलं.

मंगळवारी तिचा पहिला वर्ग आहे. त्या दिवशी तिला काहीही कळवू नये. मी वाचले तर मी स्वतः सांगेन. गेले तर मातीवर माती पडेपर्यंत कोणी फोन करू नये. अर्ध्या वाटेतून परत आलेली मुलगी या गावातून पुन्हा निघत नाही, हे मी पाहिलेलं आहे. ती मला क्रूर म्हणेल. बुलिकने तिला अडवू नये, समजूत घालू नये, 'तुझ्या भल्यासाठी' हे शब्द वापरू नयेत. मी तिचा निरोप चोरला आहे. तो परत करता येणार नाही, म्हणून कोणत्याही कलमात त्याची भरपाई लिहिलेली नाही.

महाविद्यालयाला तिच्या नावाने होकार मीच कळवला, तिच्या आधी, तिला न विचारता. गाडी गेली आहे.

वेरोनिका वेनिंग पामुलार्सिह
(सही)

साक्षीदार:

कासिमिरुस दार्सोनो, छापखाना. समक्ष सही झाली. वाचून पाहिलं. एकही शब्द गाळला नाही, समास कमी केले.

तुमिनी, मयत आईची धाकटी बहीण. मला हे पटलेलं नाही. पोर मला जन्मभर बोलेल. वेनिंगला तोंडावर सांगितलं, तिने ऐकलं नाही. सही करते.

सुराकार्ता, शनिवार, १२ ऑगस्ट २०२३